कोकणात हेम्पचा धंदा करायचाय? कायदा, लायसन्स आणि रोज येणारे प्रश्न

मी कुडाळजवळ राहते. कोकम आगळ, आंबापोळी, काजू असं आमचं घरगुती युनिट आहे आणि तीन वर्षं झाली त्यातच हेम्पच्या बियांचं काम चालू केलंय, सुकी चटणी, लाडू आणि थोडं तेल. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. निम्मे फोन "ताई, लागवड करायची आहे, लायसन्स कुठे मिळेल" असे आणि निम्मे "हे चालतं का हो कायद्यात" असे. प्रत्येकाला तेच तेच अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी वकील नाही, पण ह्या धंद्यात पैसे घालायच्या आधी कायदा मी स्वतः बसून वाचलाय आणि जे लिहितेय त्याच्यावर माझं स्वतःचं युनिट चालतं.

हेम्प म्हणजे गांजाच ना?

झाड एकच. शेजारच्या काकी पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आल्या तेव्हा बियांच्या पोत्यात हात घालून हळूच म्हणाल्या, "ह्या गांज्याचा बी मा गो?" खोटं कशाला बोलू, त्याच झाडाचं बी आहे. पण कायदा अख्ख्या झाडाला एकाच मापाने मोजत नाही, झाडाचा कुठला भाग तुमच्या हातात आहे त्याप्रमाणे तो बदलतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

केंद्राचा कायदा आहे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं आलेले शेंडे. चरस म्हणजे त्याचा चीक, राळ, हशीश तेल त्यातच आलं. नुसतं बी किंवा नुसतं पान, शेंड्याबरोबर नसेल तर, गांजाच्या व्याख्येत येत नाही. खोडाचा धागाही त्या व्याख्येत नाही.

आता एक बारीक गोष्ट जी नेटवर कोणीच नीट सांगत नाही. सगळे म्हणतात टीएचसी (म्हणजे नशा आणणारं रसायन) ०.३ टक्क्यांच्या खाली असेल तर ते हेम्प, वर असेल तर गांजा. आपल्या केंद्राच्या कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यात कॅनाबिस कुळातलं कुठलंही झाड म्हणजे कॅनाबिसचं झाड, बस. ०.३ चा आकडा उत्तराखंडने आपल्या परवानगीत घातला आणि अमेरिकेच्या कायद्यात आहे. त्यामुळे "माझ्या झाडात टीएचसी कमी आहे साहेब" हे महाराष्ट्रात पोलिसांना सांगून काही उपयोग नाही.

आम्ही भाताआधी ताग पेरतो, त्याला पण सन हेम्प म्हणतात. लायसन्स लागतं का?

नाही, नाही, नाही. बियाण्याच्या पिशवीवर हे नाव वाचून दोघातिघांनी घाबरून फोन केला म्हणून मुद्दाम लिहितेय. आपला ताग (काही ठिकाणी बोरू म्हणतात) हे शेंगवर्गातलं पिवळ्या फुलांचं पीक, कॅनाबिसशी त्याचं काहीही नातं नाही. दीडेक महिन्यात फुलावर आला की शेतात गाडायचा, जमिनीला नत्र मिळतं. धैंचा, गिरिपुष्प तसाच हा. अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणतात, तिचंही तेच, ती भेंडीच्या कुळातली. खुशाल लावा. जुन्या काळी धागा देणाऱ्या कितीतरी वेगवेगळ्या झाडांना इंग्रज हेम्प म्हणायचे, हा गोंधळ तिथून आलाय.

महाराष्ट्रात हेम्पची लागवड करता येते का?

आज नाही. हे लिहितेय तोपर्यंत महाराष्ट्रात शेतकऱ्याला हेम्प लावायचं लायसन्स देणारी योजना नाही, त्याचा फॉर्म नाही, खिडकी नाही.

पण म्हणून केंद्राने दार कायमचं बंद केलंय असंही नाही. कायद्याचं कलम ८ म्हणतं की कॅनाबिसची लागवड करायची नाही, औषधी किंवा शास्त्रीय कामासाठी नियमाप्रमाणे परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. आणि कलम १४ मध्ये सरकारला सूट दिलीय की फक्त धागा किंवा बी काढण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागायती कामासाठी, अटी घालून लागवडीला परवानगी देता येईल. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातसुद्धा धागा आणि बियांसाठीची लागवड बाजूला ठेवलेली आहे. म्हणजे दाराची किल्ली आहे, पण ती राज्याने फिरवायची असते, आपल्याकडे अजून फिरवलेली नाही.

उत्तराखंडने फिरवली. २०१८ मध्ये पौडी गढवालमध्ये औद्योगिक हेम्पसाठी पहिलं लायसन्स दिलं, देशातलं ते पहिलं राज्य. तिथे पीक ०.३ टक्क्यांच्या वर गेलं तर नष्ट करावं लागतं, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरही टांगती तलवार आहेच. हिमाचलात २०२३ मध्ये अभ्यासासाठी समिती नेमली, २०२४ च्या सप्टेंबरात विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला आणि २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यास करायला सांगितलं. बघा, तिथे कुल्लूच्या बाजूला हे झाड शेतात न लावता उगवतं, तरी ते पायरी पायरीने चाललेत. गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला, भरपूर विरोध झाला आणि विषय तिथेच थांबला.

आपल्याकडे २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला होता की कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरावर गांजा लावायची परवानगी द्या. पेपरात सगळीकडे आलं, लोक हसले. मला हसू नाही आलं. ज्याच्या हापूसला मोहोर गळून गेल्यावर औषधाचा खर्चही सुटत नाही त्याला तो अर्ज कळतो. परवानगी अर्थात मिळाली नाही.

परसात दोन-चार झाडं, नुसती बघायला? कुंडीत?

नको. कायद्यात "इतक्या झाडांपर्यंत चालेल" असा आकडाच नाही. एक झाड लावलं तरी ती लागवड, आणि बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कुंडीतल्या हौसेसाठी घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका.

एक किलोपर्यंत गांजा कायद्याने चालतो असं ऐकलंय?

हे चुकीचं ऐकलंय आणि ह्या चुकीपायी पोरं अडकतात. एक किलो ही "कमी प्रमाणा"ची मर्यादा आहे, परवानगीची नाही. एक किलोच्या आत सापडलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोपासून वीस किलोपर्यंत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या पुढे गेलं की व्यापारी प्रमाण, तिथे कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणं फार अवघड. चरसाला तर शंभर ग्रॅम आणि एक किलो हेच आकडे आहेत.

मी मुंबईत असतो, गावची जमीन दुसऱ्याला कसायला दिलीय. त्याने काही भलतं लावलं तर माझ्यावर येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडे अर्धी जमीन अशीच आहे. सातबारावर आजोबांचं नाव, त्याखाली सतरा वारस, कोण विरारला कोण डोंबिवलीला, गणपतीला आणि शिमग्याला येणार, आणि जमीन तोंडी बोलीवर कोणाच्या तरी हातात.

कलम ४६ सांगतं की ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याने आपल्या जमिनीत बेकायदा कॅनाबिस लावल्याचं लगेच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवायचं, आणि माहीत असून मुद्दाम कळवलं नाही तर त्यालाही शिक्षा. कलम २५ प्रमाणे मालकाने जाणूनबुजून जागा अशा कामाला वापरू दिली तरी गुन्हा. दोन्हीकडे "माहीत असून" हा शब्द आहे, तो तुमच्या बाजूचा आहे. पण तुम्हाला माहीत नव्हतं हे सांगत बसायची वेळ येऊच नये ना. म्हणून जमीन देताना साध्या कागदावर का होईना करार करा, कुठलं पीक लावणार ते लिहा, वर्षातून दोनदा तरी कोणाला तरी बांधावर पाठवून फोटो मागवा. आणि "हेम्पसाठी जागा द्या, भाडं तिप्पट देतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

एक कंपनी म्हणते लायसन्स आम्ही काढून देतो, बियाणं आम्ही देतो, माल पण आम्हीच घेणार. पैसे भरू का?

भरू नका. हे मी कळवळून सांगतेय कारण आमच्या घरात झालंय.

माझ्या मोठ्या दिरांनी अशाच एका मंडळींना पंचवीस हजार दिले. एका हॉलमध्ये मीटिंग होती, बॅनर, हिरवं पान, प्रोजेक्टरवर परदेशातली शेतं, जेवण पण चांगलं होतं. एकरी उत्पन्नाचा आकडा ऐकून सगळे गप्प. महिन्याभराने पोस्टाने लॅमिनेट केलेला कागद आला, वर मोठ्या अक्षरात सर्टिफिकेट, दीर खूश. मी नंबर बघितला तर तो उद्यम नोंदणीचा नंबर. उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, ती आपण मोबाईलवरून फुकटात स्वतः करतो, त्याने कुठलीही लागवडीची परवानगी मिळत नाही. नंतर फोन लागेनासे झाले. पैसे गेलेच, पण माझा जीव ह्या विचाराने घाबरा झाला की त्यांनी खरंच बियाणं पाठवलं असतं आणि भाऊजींनी काजूच्या बागेत पेरलं असतं तर? कागद तर तोच दाखवला असता पोलिसांना.

तर ओळखायचं कसं, लागवडीची परवानगी फक्त राज्य सरकार देऊ शकतं. कंपनीची नोंदणी, जीएसटी नंबर, आयएसओ, ट्रेडमार्क, उद्यम, ह्यातलं काहीही दाखवलं तरी ती परवानगी नाही. आणि उत्तराखंडचं लायसन्स दाखवलं तर ते खरं असेलही, पण ते तिथल्या जमिनीपुरतं. ते कुडाळात, लांज्यात, मंडणगडात चालत नाही.

मग इथे बसून धंदा तरी कुठला करता येतो?

बरेच. बियांपासून खायचे पदार्थ, बियांचं तेल, धाग्याचं कापड आणि पिशव्या, बियांचं तेल घातलेले साबण-क्रीम, आणि ज्यांच्याकडे वैद्य आणि भांडवल दोन्ही आहे त्यांना आयुर्वेदिक औषधं. मुंबईत बॉम्बे हेम्प कंपनी २०१३ पासून ह्याच क्षेत्रात आहे. कच्चा माल कायदेशीर ठिकाणाहून बिलाने घ्यायचा आणि प्रक्रिया इथे करायची, आम्ही तेच करतो. प्रत्येकाला वेगळं लायसन्स, पुढे सांगते.

बियांचे पदार्थ विकायला काय लागतं?

२०२१ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयने (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) हेम्पचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ ह्यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्याआधी हे सगळं अधांतरी होतं. उत्तराखंडात कुमाऊंकडे भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात, आपण तीळ-जवसाची करतो तशी, तरी पाकिटात घालून विकायची तर नियम नव्हता.

तुम्हाला एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स लागतं, उलाढालीवर ठरतं कुठलं. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर, आणि आपल्याकडे तपासणी अन्न व औषध प्रशासन करतं. अर्ज करताना उत्पादनाच्या प्रकारात हेम्प स्पष्ट लिहा. "मसाले व चटण्या" एवढंच लिहून आत हेम्प घालणारे आहेत, उद्या तपासणी झाली तर ते तुमच्याच अंगाशी येणार.

आता नियमातली मुख्य अट, बी उगवणारं नसलं पाहिजे. म्हणजे ते पेरलं तर रोप येता कामा नये. पुरवठादार कागदावर लिहून देतो, पण मी कागदावर थांबत नाही. प्रत्येक पोत्यातून वीस बिया काढते, ओल्या फडक्यात गुंडाळून मटकीला मोड आणतो तसं चुलीजवळ ठेवते, तीन दिवस. दुसऱ्या वर्षी एका पोत्यातल्या वीसपैकी तीन बियांना मोड आले होते. पांढरे, नखाएवढे, वाकडे मोड. ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. खायला ते बी चांगलंच होतं, चवही तीच, पण ते पोतं माझ्या शेडमध्ये असणं म्हणजे पेरायचं बियाणं घरात असल्यासारखं. मोड आलेल्या बिया लोखंडी कढईत करपेपर्यंत भाजल्या, पोतं शिवलं, पत्र लिहून त्याच गाडीने परत पाठवलं आणि पत्राची पोच फाईलला लावली. पुरवठादार बदलला. तुम्हीही हे करा, एका फडक्याचा खर्च आहे.

टीएचसीचा रिपोर्ट लागतोच का? किती असलं तर चालतं?

लागतो. तोंडी सांगून चालत नाही, एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबचा पाहिजे. खाण्याच्या बियांमध्ये एकूण टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत, बियांच्या तेलात किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, आणि बियांपासून केलेल्या पेयात किलोला फक्त ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे हेम्प दूध वगैरे करायचा विचार असेल तर तिथली मर्यादा फार कडक आहे हे आधीच धरा. सीबीडीलाही (ह्याच झाडातलं दुसरं रसायन, नशा न आणणारं) मर्यादा आहे, किलोला ७५ मिलिग्रॅम.

लोक विचारतात बियांमध्ये तर टीएचसी नसतंच ना मग कशाला. बियांच्या आत जवळजवळ नसतंच, खरंय, पण बी शेंड्यातच पिकतं, शेंड्याचा चीक टरफलाला बाहेरून चिकटतो. नीट पाखडलं धुतलं नाही तर रिपोर्ट वर जातो. म्हणून मी सोललेलं बी घेते, महाग पडतं, झोप लागते.

पाकिटावर काय छापायचं?

हेम्प सीड असं साधं नाव, लायसन्स नंबर, घटक, बॅच, तारीख, नेहमीचं सगळं. नशा, मस्ती, किक, रिलॅक्स असलं काही सुचवायचं नाही, नियमात बसत नाही. अमुक आजार बरा होतो असंही लिहायचं नाही. आणि ते पाच-सात बोटांचं हिरवं पान छापू नका. तरुण मुलांना वाटतं त्यानेच माल खपतो. आम्ही पाकिटावर खलबत्ता छापलाय, कुडाळच्या बाजारात आज्या घेऊन जातात.

हेम्प ऑइल विकायचंय. कुठलं लायसन्स?

आधी कुठलं तेल ते सांगा, कारण नाव एक आणि वस्तू दोन, गोंधळ सगळा इथेच होतो.

बिया घाण्यात घालून काढलेलं तेल, हिरवट, अक्रोडासारख्या वासाचं, ते खाद्यतेल. त्याला एफएसएसएआय पुरतं.

दुसरं म्हणजे छोट्या ड्रॉपरच्या बाटलीतलं, सीबीडी किंवा विजया अर्क म्हणून हजारो रुपयांना विकतात ते. ते अन्न नाही, औषध आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत परिशिष्ट ई-१ मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत ती आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची वस्तू आणि लेबलवर तसा इशारा. बनवायला राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) आयुर्वेदिक उत्पादनाचं २५-डी लायसन्स, योग्य जागा, तज्ज्ञ माणसं, सगळं लागतं. पानांपासून काढलंय का फुलांपासून ह्यावर तर सगळा खेळ आहे, फुलांच्या शेंड्यांपासून काढलं की ते थेट एनडीपीएसमध्ये. घरगुती युनिटवाल्यांनी ह्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात दुसऱ्याचा माल ठेवणार असाल तर निदान बाटलीवर उत्पादन लायसन्सचा नंबर आहे का, पक्कं बिल आहे का आणि वैद्याची चिठ्ठी मागितली जाते का एवढं तरी बघा.

साबण, लिप बाम?

बियांचं तेल घालून करता येतं. पण सौंदर्यप्रसाधन बनवायला कॉस्मेटिक्स नियम २०२० खाली एफडीएचं कॉस-८ लायसन्स लागतं, हेम्प असो नाहीतर नारळाचं तेल. घरी साबण करून प्रदर्शनात विकणाऱ्या कितीतरी बचत गटांना हे माहीतच नसतं.

हेम्पच्या कापडाच्या पिशव्या, दोर?

ह्याला एनडीपीएसचं काही लागत नाही. धागा अंमली पदार्थात येत नाही. नेहमीच्या धंद्याची कागदपत्रं पुरतात, थोडेच कामगार असतील तर शॉप ॲक्टची नुसती सूचना ऑनलाइन द्यायची, वस्तू विकताना राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या वर गेलात की जीएसटी, बाहेरच्या राज्यात माल पाठवणार असाल तर आधीच. बिलावर एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) नीट टाका, खऱ्या हेम्पच्या न कातलेल्या धाग्याचा ५३०२ असतो, तागाचा तो नव्हे. दोन्हीचं मिश्रण करून "प्युअर हेम्प" म्हणून विकणारे आहेत, तसं करू नका, गिऱ्हाईक एकदाच फसतं.

आपल्या कोळी लोकांची जाळी पूर्वी सुताची आणि तागाच्या धाग्याची असायची, नायलॉन आल्यावर ते सगळं गेलं. खाऱ्या पाण्यात टिकेल अशा धाग्याची समज मालवण-वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्यांकडे अजून आहे. धाग्याचं काम करणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे जाऊन बसावं असं मला फार वाटतं.

महाशिवरात्रीला भांग तर सगळे पितात, मग ती कायदेशीर ना?

कुणकेश्वरच्या जत्रेनंतर हा प्रश्न हमखास येतो. नुसतं पान केंद्राच्या कायद्यातल्या गांजात येत नाही हे खरं, म्हणून काही राज्यांत सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत आणि गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या दारूबंदी कायद्याच्या यादीतून काढली. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्याच्याखाली लायसन्सशिवाय भांग बनवणं, बाळगणं, घेणं गुन्हा आहे. सणाचा दिवस असला तरी. ठेला लावून थंडाईत भांग विकायचा विचार असेल तर सोडून द्या.

गोव्यात माल पाठवताना अडवतात का?

गाडीत बिल, एफएसएसएआयची प्रत, त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट आणि बी उगवणारं नसल्याचं पत्र, चार कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ड्रायव्हरजवळ ठेवा. बांद्याच्या बाजूने जाताना तपासणी होऊ शकते, आणि तपासणाऱ्या माणसाला हेम्प म्हटलं की गांजाच आठवणार, त्यात त्याची चूक नाही. शांतपणे कागद दाखवायचे. फोल्डरच्या वर मी मराठीत अर्ध्या पानाची माहिती लावलीय, पाकिटात काय आहे आणि कुठल्या नियमाखाली विकतोय, त्याचा फार उपयोग होतो.

यूट्यूबवर अमेरिकेतला शेतकरी सांगतो की तिथे सगळं खुलं आहे.

तिथला कायदा तिथे. त्यांनी २०१८ च्या शेती कायद्यात ०.३ टक्क्यांखालचं हेम्प अंमली पदार्थांतून बाहेर काढलं, तरी शेतकऱ्याला लायसन्स लागतंच, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनीही व्याख्या पुन्हा आवळली. तो व्हिडिओ बघून इथे बियाणं मागवू नका. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनाबिसला सगळ्यात कडक यादीतून काढायच्या बाजूने भारतानेही मत दिलं होतं, ते पण लोक मला पाठवतात, पण त्याने आपल्या देशातला कायदा बदलला नाही.

समजा उद्या परवानगी मिळाली, तर कोकणात हे पीक येईल का?

मन लावून विचार केला तर मला दोन अडचणी दिसतात. एक पाऊस. हेम्पला पाणी साचलेलं चालत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर. जांभ्याच्या वरकस जमिनीत पाणी निथळतं पण माती आंबट, चुना घालावा लागेल. शेंड्यांवर दमट हवेत बुरशी येते. दुसरी अडचण दिवसाची. हे झाड दिवस लहान झाला की फुलतं. युरोपातल्या जाती उन्हाळ्यातल्या सोळा तासांच्या दिवसाला सरावलेल्या, आपल्याकडचा जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. ती रोपं गुडघ्याएवढी असतानाच फुलावर येतील, मग धागा कुठला मिळणार. म्हणजे इथल्यासाठी जात वेगळी लागेल, आणि ती शोधणं शेतकऱ्याचं काम नाही, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. १९७२ पासून ते विद्यापीठ भात, काजू, आंब्याच्या जाती देत आलंय. शास्त्रीय कामासाठी परवानगी कायद्यात आहेच, हिमाचलने विद्यापीठांनाच हे काम दिलं, तसं आपल्या सरकारने दापोलीला द्यावं, अशी माझी मनापासून मागणी आहे.

आणि हे आपल्याला परकं नाही. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात कॅनाबिसचे तंतू मिसळलेले सापडले, २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, दीड हजार वर्षं तो गिलावा टिकलाय.

सरकारला विचारायचं तर कुठे?

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, तो गृह खात्याखाली येतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, कलम १४ खाली महाराष्ट्रात धागा-बियांसाठी लागवडीचा काही आदेश काढलाय का, प्रस्ताव आहे का, असा नेमका प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर घरात ठेवा, पुढच्या वेळी कोणी हॉलमध्ये मीटिंग घेऊन सर्टिफिकेट विकायला आला की त्याच्यासमोर धरा. ग्रामसभेत ठराव करून पाठवलात तर अजून चांगलं.

शेतात आपोआप एखादं रोप उगवलं तर उपटून टाकू?

आधी उपटू नका. पक्ष्याच्या विष्ठेतून, वाटसरूने टाकलेल्या बियांतून येऊ शकतं, ते तुम्ही लावलं नाही. मोबाईलवर फोटो काढा, आजूबाजूचं शेत दिसेल असा, आणि पोलीस पाटलांना बोलावून दाखवा. त्याच दिवशी पोलीस स्टेशनला दोन ओळींचा अर्ज द्या, गट नंबर लिहून, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मग ते येऊन काय करायचं ते करतील. शिक्क्याची प्रत सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा.

अंबाडीचं कोवळं रोप लांबून बरंचसं तसंच दिसतं, पान हाताच्या बोटांसारखं चिरलेलं. पोलीस पाटलांना बोलावण्याआधी एक पान चावून बघा. आंबट लागलं तर भाजी करा.